चालणाऱ्याचे ठिकाण कसे काढावे

आम्हांस शाळा थोडीच लाभली. पण हजेरीपट व पगारपत्रके तपासता तपासता त्रैराशिक पक्के झाले. एकसारख्या वेगाची गती म्हणजे तेच त्रैराशिक होय.

सातारा रस्त्यावरील चेलाडी फाट्यापासून वेल्ह्याच्या दिशेस २ किलोमीटरवर एक मजूर आहे असे समजा. रस्ता सरळ धरू. तो ताशी ४ किलोमीटर चालीने वेल्ह्याकडे निघाला. वेगास वेळेने गुणले की विस्थापन मिळते (भाटघर-पानशेतकडे या शब्दाचा दुसरा अर्थही ठाऊक आहे). ३ तासांत विस्थापन १२ किलोमीटर. ठिकाण मात्र २ अधिक १२, म्हणजे फाट्यापासून १४. पुष्कळांची गल्लत येथेच होते. विस्थापन निघाल्या जागेपासून मोजावयाचे, ठिकाण फाट्यापासून.

आता तो त्याच चालीने माघारी वळला. वेग उणे ४ धरावा. ३ तासांनी तो पुन्हा २ वर. एकंदर विस्थापन शून्य! पाय मात्र २४ किलोमीटर झिजले. मजुरी विस्थापनावर ठरवू लागलो तर बिचारा उपाशी मरेल.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत धरण फुटले. पुण्यात पाणी केव्हा येणार, हे अंतरास एका वेगाने भागून निघाले नसते. वाटेत खडकवासल्याचे धरण होते. तेथे पाणी चढले, तेही धरण फुटले, मग लोंढा शहरात शिरला. वेग बदलतो तेथे वाटेचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेळ निराळा काढावा व बेरीज करावी.