रानपिंगळ्याचं लेबल शोधताना

लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचं छोटं गाव आहे. ब्रिटनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षी-संग्रह तिथं ठेवलेला आहे. उथळ खणांत कापूस भरलेले पक्षी उताणे निजवलेले असतात आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं एक कागदी लेबल बांधलेलं असतं. पक्षी कुठं मिळाला, कधी मिळाला, कोणी मारला, नर होता की मादी, एवढंच त्यावर लिहिलेलं. आपल्या सातपुड्यातल्या रानपिंगळ्याचे एकोणिसाव्या शतकातले नमुने अशाच लेबलांसकट तिथं पोचले.

जगभरच्या संग्रहालयांनी ही लेबलं संगणकात भरायला घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. वेगवेगळ्या संस्थांच्या याद्या एकाच ठिकाणी शोधता याव्यात म्हणून २००१ साली ‘ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी’ उभी राहिली. तिचं कार्यालय कोपनहेगनला आहे आणि सगळे तिला ‘जीबिफ’ म्हणतात. दोन अब्जांहून कितीतरी जास्त नोंदी तिथं आहेत, त्याही फुकट आणि कोणालाही खुल्या. मात्र जीबिफकडे स्वतःचा एकही पक्षी नाही की वाळवलेली फांदी नाही. ती फक्त इतरांच्या याद्या गोळा करून एका साच्यात बसवते. या साच्याला ‘डार्विन कोअर’ म्हणतात. नाव, जागा, तारीख, गोळा करणारा, नमुन्याचा क्रमांक अशा ठरलेल्या रकान्यांचा तो तक्ता आहे. शोधताना आपल्याला उत्तर मिळतं ते लेबलावर काय लिहिलं होतं याचं, आणि तेही ते कोणीतरी टाइप केल्यानंतरचं. रानात काय आहे हा प्रश्न वेगळा राहतो. इतकं ध्यानात ठेवलं की पुढचे घोटाळे निम्म्यानं कमी होतात.

तर रानपिंगळा शोधून पाहू. शोधाच्या चौकटीत मराठी नाव टाकून बहुतेक वेळा काही हाती लागत नाही. शास्त्रीय नावच हवं आणि तेही रोमन लिपीत. इथं पहिली गाठ पडते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमनं (हेच पुढं काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम) १८७३ साली आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात या घुबडाचं वर्णन केलं आणि त्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्ल्यूइटी’ असं नाव दिलं. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात पहिला नमुना गोळा करणाऱ्या एफ. आर. ब्ल्यूइट यांच्यावरून ते आलं. नंतरच्या पक्षितज्ज्ञांनी त्याला साध्या पिंगळ्याच्या ‘अथेनी’ या प्रजातीत घातलं. मग काहींनी पुन्हा बाहेर काढलं. त्यामुळं एका संग्रहालयाच्या यादीत एक नाव, दुसऱ्याच्या यादीत दुसरं. जीबिफ अशी समानार्थी नावं एकत्र बांधायचा प्रयत्न करते, म्हणून यादीतून सुचवलेलं नाव निवडलं तर जुन्या नावाच्या नोंदीही सहसा येतात. एखाद्या संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र ही सोय असेलच असं नाही. तिथं प्रत्येक नाव वेगळं टाकून पाहायचं. जातीचं दुसरं पद तेवढं, म्हणजे ‘ब्ल्यूइटी’ एवढंच, शोधून पाहिलं तर बऱ्याचदा काम होतं, कारण पहिलं पद बदललं तरी दुसरं सहसा टिकतं. त्याचा शेवट मात्र व्याकरणानुसार कधीकधी बदलतो.

नाव दिलं की नकाशावर ठिपके उमटतात आणि माणूस हरखून जातो. तिथं थांबायचं. त्यातले बहुतेक ठिपके संग्रहालयातल्या नमुन्यांचे नसतातच. पक्षिनिरीक्षकांची ‘ई-बर्ड’ आणि छायाचित्रं टाकणाऱ्यांची ‘आयनॅचरॅलिस्ट’ या दोन्हींच्या नोंदी जीबिफमध्ये येतात, आणि ई-बर्ड तर तिथला सगळ्यात मोठा संच आहे. त्या नोंदींना तुच्छ लेखायचं कारण नाही, पण आपल्याला कपाटातला नमुना हवा आहे. त्यासाठी डावीकडं ‘बेसिस ऑफ रेकॉर्ड’ नावाचा फिल्टर असतो, त्यात ‘प्रिझर्व्ह्ड स्पेसिमेन’ निवडायचं. नोंदी एकदम मूठभर उरतात. ज्याला एकाच फिल्टरची ओळख करून घ्यायची असेल त्यानं याची घ्यावी.

आता जागेकडं येऊ. सगळ्यात जास्त वेळ इथंच खर्ची पडतो आणि तो पडावाही.

रानपिंगळ्याच्या जुन्या नमुन्यांपैकी काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशात मिळवले होते. शहादा आणि तळोद्याकडचा तो मुलूख. आज तो नंदुरबार जिल्ह्यात आहे, म्हणून आपण सहज ‘नंदुरबार’ असं टाइप करतो आणि यादी कोरी येते. कारण नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. त्याआधी तो भाग धुळ्यात होता, त्याआधी पश्चिम खानदेशात, आणि १९०६ पूर्वी नुसता खानदेश. डेव्हिडसनच्या काळी महाराष्ट्र नावाचं राज्यही नव्हतं. त्यामुळं ‘स्टेट’च्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ निवडलं तरी टंकलेखकानं लेबलावरचं ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ तसंच ठेवलेलं असेल तर ती नोंद निसटणार. उलटंही होतं. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ दिसलं म्हणून तो नमुना आपल्याकडचा असं समजू नये. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, तेव्हा तो प्राणी कराचीचाही असू शकतो.

मग स्पेलिंग. इंग्रज अधिकारी गावाचं नाव कानाला येईल तसं लिहीत. कोकणाची सुरुवात कधी ‘के’नं तर कधी ‘सी’नं, खानदेशात मध्येच एखादा जास्तीचा स्वर, पुणे तर ‘पूना’च. त्यात हाताचं अक्षर. ते सव्वाशे वर्षांनी वाचणारा माणूस लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा, त्यानं शहादा हे नाव कधी ऐकलेलंही नसणार. म्हणून गावाचं नाव शोधण्यापेक्षा उलट्या बाजूनं जावं. देश भारत ठेवावा, नमुन्याचा फिल्टर लावावा, जातीच्या किंवा कुळाच्या सगळ्या नोंदी मागवाव्यात आणि जागेचा रकाना डोळ्यांनी वाचत खाली जावं. आपल्या भागातला माणूस दोन मिनिटांत ओळखतो की हे विचित्र स्पेलिंग आपल्याच तालुक्याचं आहे. ते कोणत्याही यंत्राला इतक्या सहज जमत नाही.

नकाशावर बोटानं चौकट काढून शोधायची सोय आहे, ती आकर्षक आहे आणि फसवीही. चौकटीत येतात त्या फक्त अक्षांश-रेखांश असलेल्या नोंदी. १८८० साली कोणाच्या खिशात जीपीएस नव्हता. जुन्या लेबलांना हे आकडे नंतर कोणीतरी दिलेले असतात, आणि पुष्कळांना अजून दिलेलेच नसतात. अशी नोंद नकाशावर दिसत नाही, पण यादीत असते. म्हणून ‘लोकेशन’च्या फिल्टरमध्ये आकडे नसलेल्या नोंदीही दाखव असं सांगावं लागतं. आकडे असले तरी शेजारचा ‘अनिश्चितता’ हा मीटरमधला रकाना पाहिल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. लेबलावर नुसतं ‘खानदेश’ असेल तर एखादा प्रामाणिक टंकलेखक जिल्ह्याच्या मधोमध बिंदू ठेवतो आणि पुढं लिहितो की चूक कित्येक किलोमीटरची असू शकते. तो बिंदू जळगावजवळच्या एखाद्या केळीच्या बागेत पडला म्हणून तिथं घुबड होतं असं होत नाही. कधी आकडे रिकामे राहिले की संगणक शून्य-शून्य धरतो आणि सातपुड्यातला प्राणी आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात तरंगताना दिसतो. आजच्या दुर्मीळ जातींच्या निरीक्षणांबाबत आणखी एक गोष्ट. आयनॅचरॅलिस्टसारखी व्यासपीठं शिकारी आणि हौशी गर्दी टाळण्यासाठी जागा मुद्दाम वीसेक किलोमीटरच्या चौकटीत पुसट करतात, आणि ते योग्यच आहे.

वनस्पतींच्या शोधातही हाच त्रास, पण तिथं एक सुख आहे. हर्बेरियमच्या एका कागदावर वाळवलेली फांदी आणि लेबल दोन्ही चिकटवलेलं असतं, त्यामुळं एका छायाचित्रात सगळं दिसतं आणि आपल्याला स्वतः वाचता येतं. लंडनच्या क्यू बागेच्या संग्रहातले आपल्याकडचे जुने कागद पाहिले तर कित्येकांवर ‘मलबार, कोंकण इत्यादी’ आणि गोळा करणारे ‘स्टॉक्स, लॉ वगैरे’ असं छापील लेबल सापडतं. म्हणजे रोपटं कोकणातलं की केरळातलं आणि ते स्टॉक्सनं तोडलं की लॉनं, दोन्ही मोघम. हूकर आणि थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अनेकांचे संग्रह एकत्र करून वाटले, तेव्हाची ही लेबलं. नकाशावर त्यांचा नेमका ठिपका दिसला तर समजावं की तो नंतरच्या कोणाचा तरी अंदाज आहे.

यादीतल्या एखाद्या नोंदीवर क्लिक केलं की पूर्ण पान उघडतं. तिथं दोन रूपं असतात: जीबिफनं लावलेला अर्थ, आणि संस्थेनं पाठवलेला मूळ मजकूर. मूळ मजकूर नेहमी वाचावा. तारीख न उमगल्यानं जीबिफनं रिकामी ठेवली असेल, तिथं मूळ रकान्यात ‘१८८०चा हिवाळा’ असं काहीतरी कामाचं लिहिलेलं असू शकतं. वर छोट्या पट्ट्यांत इशारेही येतात: आकडे आणि देश जुळत नाहीत, नाव नेमकं सापडलं नाही, वगैरे. गोळा करणाऱ्याचं नाव ‘जे. डेव्हिडसन’, ‘डेव्हिडसन, जे.’ किंवा नुसतंच ‘ह्यूम संग्रह’ अशा कुठल्याही रूपात असेल. ह्यूमनं १८८५ साली आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यातले कितीतरी पक्षी त्यानं स्वतः मारलेले नव्हते, मुलखात विखुरलेल्या त्याच्या ओळखीच्या अधिकाऱ्यांनी धाडलेले होते. म्युझियमच्या नोंद-क्रमांकात सुरुवातीला वर्ष, महिना आणि दिवस असतो. तो पक्षी म्युझियमच्या वहीत चढल्याचा दिवस आहे, मारल्याचा नव्हे. ही गल्लत अनुभवी माणसंही करतात. ‘टाइप स्टेटस’ या रकान्यात काही भरलेलं असेल, तर ज्या नमुन्यांवरून जातीचं वर्णन झालं त्यांतला हा. ब्ल्यूइटचा रानपिंगळा असा आहे.

यादी उतरवून घ्यायची तर खातं उघडावं लागतं, तेही फुकट. प्रत्येक डाउनलोडला एक कायमचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा, म्हणजे वर्षभरानं नोंदी बदलल्या तरी आपण काय पाहिलं होतं ते सांगता येतं. फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडू नये. तारखा आणि क्रमांक तो आपल्या मनानं बदलून टाकतो.

आणि काहीच सापडलं नाही तर? तो नमुना नाही असा त्याचा अर्थ लावू नये. कितीतरी संग्रहांचा थोडाच भाग संगणकात चढलेला आहे. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह, सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातलं बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम मंडळ आणि आघारकर संस्थेचं हर्बेरियम, ही आपल्या भागाची मोठी कोठारं. जीबिफवर काही नसलं तरी तिथल्या क्युरेटरना नेमकं पत्र पाठवावं: कोणती जात, कोणता भाग, कोणता काळ, कशासाठी हवं. ‘आमच्या तालुक्याची सगळी माहिती पाठवा’ अशा पत्राला कोणी उत्तर देत नाही, आणि का द्यावं?

सगळं नीट केलं तरी लेबलच खोटं असलं तर काय, हे रानपिंगळ्याइतकं कोणी शिकवलं नसेल. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीनं दिसला नव्हता. अपवाद एकच: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा नमुना, लेबलावर गुजरातेत तापीकाठचं मांडवी आणि वर्ष १९१४. खानदेशापासून फार लांब नाही, म्हणून कोणाला संशय आला नाही. हा पक्षी शोधू पाहणाऱ्यांची दिशा या लेबलानं चुकवली. पुढं पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी तो नमुना बारकाईनं तपासला, क्ष-किरणांखालीही पाहिला. नव्यानं शिवून भरलेल्या त्या कातड्यात जुन्या तयारीच्या खुणा उरल्या होत्या, आणि त्या डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. पक्षी म्युझियममधून चोरून, लेबल बदलून परत आणला होता. त्यांचा लेख १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात आला. त्याआधीच, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा सापडला होता, शहाद्याजवळ, डेव्हिडसनच्या खऱ्या लेबलांच्या मुलखात.

अशा वादग्रस्त नोंदी संग्रहालयं सहसा पुसत नाहीत, शेरा लिहून ठेवतात. डेटाबेसमध्ये तो ‘रिमार्क्स’च्या रकान्यात जातो, आणि हा रकाना यादीच्या मांडणीत दिसत नाही. त्यासाठी नोंदीचं पूर्ण पान उघडावंच लागतं. माइनर्ट्झहागेनचं नाव गोळा करणारा म्हणून दिसलं तर पक्षितज्ज्ञ आता ती नोंद बाजूला ठेवतात आणि दुसऱ्या कोणाच्या पुराव्याची वाट पाहतात. दुसरीकडं, २०१४ साली रानपिंगळा ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात आढळला. तिथलं एकही जुनं लेबल कोणाला माहीत नव्हतं.