आधी लॉकर, मग लिफ्ट किट

कमी खर्चात ऑफ-रोड पिकअप बांधायची असेल, तर अमेरिकेत विकली गेलेली 1979 ते 1985 ची टोयोटा फोर-व्हील-ड्राइव्ह चांगला पाया आहे: पुढे-मागे दणकट सॉलिड अ‍ॅक्सल आणि सोपी यंत्रणा. पण पहिला पैसा लिफ्ट किटवर नको, मागच्या डिफरेन्शियलच्या लॉकरवर घाला. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो; एक चाक अधांतरी झालं की हा टॉर्क जवळपास शून्यावर येतो आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकत्र फिरवतो. डांबरी वळणावर टायर घासतील, हा आक्षेप वेल्डिंगने कायमच्या जखडलेल्या डिफरेन्शियलबाबत अगदी खरा. म्हणूनच रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला हवेच्या दाबाने चालू-बंद होणारा लॉकर महाग असूनही परवडतो. उंची वाढवून पोट खडकावर घासणं टळेल. पकड मात्र वाढणार नाही.