बॅटऱ्या बदलल्या तीन, दोष निघाला पट्टीत

आठवडी बाजार करणाऱ्या आमच्या बेपारी बंधूंपैकी ज्यांच्या दारात स्वतःची पिकअप उभी आहे, त्यांना बॅटरीचे दुखणे माहीत नाही असे क्वचितच आढळेल. सकाळी माल भरावा, चावी फिरवावी आणि सेल्फने नुसती टकटक करावी! बॅटरी गेली, असे म्हणून आपण दुकान गाठतो आणि सहा-सात हजारांची नवी बॅटरी घेऊन येतो. आम्हीही हेच केले, तेही पावणेदोन वर्षांत तीन वेळा.

आम्ही कापडाचे बेपारी. भंडाऱ्याहून माल भरून तुमसर, मोहाडी, अड्याळ, पवनी असे बाजार करतो. पहिली बॅटरी अकरा महिने चालली, दुसरी सात. दुकानदाराने वॉरंटीत बदलून देण्यास नकार दिला. वॉरंटी कारखान्याच्या दोषापुरती असते, अर्धवट चार्ज होऊन खराब झालेली बॅटरी तिच्यात बसत नाही, असे त्याचे म्हणणे. त्या वेळी आम्ही चिडलो. आज वाटते, त्याच्या या एका वाक्यातच रोगाचे नाव होते. नंतर एका गॅरेजवाल्याने अल्टरनेटर बदलून दिला. पैसे गेले, रोग तसाच राहिला.

त्यानंतर आमच्या हातून जे घडले ते लिहिताना संकोच वाटतो. ड्रायव्हर रात्री दिवा चालू ठेवून जातो, असा आम्हाला संशय आला. तो नाही म्हणत राहिला. तरी आम्ही दोन महिने त्याच्या पगारातून हजार-हजार रुपये कापले.

रमजानच्या अखेरच्या दिवसांत पवनीचा बाजार रात्री दहापर्यंत चालला. परतताना वाटेत इशाच्या नमाजसाठी गाडी बंद केली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. ईदचा माल भरलेली गाडी चौघांच्या धक्क्यालाही हलेना. पहाटे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून कसेबसे घर गाठले. ड्रायव्हर रात्रभर आमच्यासोबत होता. त्या दिवशी दिवे त्याने नव्हे, आम्हीच लावले होते.

ईदनंतर भंडाऱ्यातील एका बुजुर्ग वायरिंग मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॅटरीला हात लावण्यापूर्वी मीटर काढले. म्हणाले, "सेठ, बॅटरी खराब नाही, उपाशी आहे."

त्यांची तपासणी सविस्तर देतो, कारण साधे मीटर काही शे रुपयांत मिळते आणि हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवली की १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना तिच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. त्याहून कमी असेल तर बॅटरी पुरती भरत नाही, आतील प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि ती अकाली मरते. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला समजावे. पाणी उकळून आटते.

आमच्या गाडीत अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट मिळत होते, बॅटरीवर मात्र १३. मधले सव्वा व्होल्ट गेले कुठे? हेडलाइट लावून, इंजिनला थोडी रेस देऊन मिस्त्रींनी मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. येथे दशांश-दोन दशांश व्होल्ट दिसावेत. आमचा काटा १ वर गेला. मग त्यांनी एक जाड केबल इंजिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत धरली आणि बॅटरीवरचे १३ क्षणात १४ झाले. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी चिखलपाण्याने आतून हिरवी पडून कुजली होती. वरून रंग मारलेला असल्याने कोणाच्या नजरेत आली नाही. नवी पट्टी दीडशे रुपयांना मिळाली. नवा अल्टरनेटर बसवणाऱ्याने ती पाहिलीसुद्धा नव्हती!

दुसरा दोष आमचाच. बाजारासाठी दिवे आणि भोंग्याचा ॲम्प्लिफायर आम्ही थेट बॅटरीवर जोडला होता. ऐंशी वॉटचा भार म्हणजे सुमारे सात अँपिअर. चार तासांत सत्तावीस-अठ्ठावीस अँपिअर-तास गेले, म्हणजे पंचाहत्तरच्या बॅटरीचा तिसऱ्याहून अधिक हिस्सा. परतीच्या तासाभराच्या वाटेत, तेही हेडलाइट लावून आणि १३ व्होल्टवर, तो कसा भरून निघणार?

शिवाय सर्व बंद करूनही गाडी वीज खात होती. ऋण टोकाची वायर सोडवून मध्ये मीटर लावले तर सहा दशांश अँपिअर! उभ्या गाडीत हा आकडा अर्ध्या दशांशापेक्षा, म्हणजे पन्नास मिलिअँपिअरपेक्षा अधिक असू नये. आमच्या गाडीचा दिवसाचा हिशेब चौदा अँपिअर-तास झाला. पाच दिवस उभी राहिली की बॅटरी रिकामी. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलला नाही. ॲम्प्लिफायरची वायर सोडताच खाली आला. त्याचे बटण फक्त आवाज बंद करीत होते. त्यानेही फरक पडला नसता तर अल्टरनेटरची मुख्य वायर सोडून पाहावी लागली असती, कारण आतील डायोड फुटला तर रात्रभर तिकडूनच वीज गळते.

दोन गोष्टी जपाव्यात. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळते. आणि चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धत सोडावी. डायनॅमोच्या जमान्यात ती खपून जात असे. आजच्या गाडीत व्होल्टेज उसळून डायोड आणि कॉम्प्युटर दोन्ही जातात. नव्या गाडीत चावी काढल्यावर अर्धा तास थांबून मगच गळती मोजावी, तोवर तिचा कॉम्प्युटर जागाच असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. तरी चौथी बॅटरी घेण्याची पाळी आमच्यावर आलेली नाही. बाजाराच्या दिव्यांना वेगळी बॅटरी केली. ती घरी चार्ज होते. ड्रायव्हरचे दोन हजार त्याच दिवशी परत केले आणि मीटरही त्याच्याच ताब्यात दिले. दर सोमवारी तो आकडा पाहून वहीत लिहितो. मागच्या सोमवारी १२.६ होता.