हप्ता, भाडं आणि पहिली नोकरी

नोकरीची ऑर्डर हातात पडली की पेढे संपायच्या आत कोणीतरी विचारतंच, "मग आता घराचं काय?" भाड्याने राहणारा माणूस आपल्याकडे अजून स्थिरस्थावर झालेला समजत नाहीत. ही समजूत हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण जागा भाड्याने देण्यात मालकाला रस उरला नाही. पागडी आली, मग विक्रीसाठीचे ओनरशिप फ्लॅट आले. छप्पर हवं तर विकतच घ्या, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवाने शिकलेलं गणित आहे.

माझी भाची साताऱ्याहून हिंजवडीला नोकरीला लागली, पगार हातात ६० हजार. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, निवृत्तीला टेकलेले. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून तिच्यासाठी वाकडला फ्लॅट घ्यायचं त्यांनी मनात धरलं होतं. "भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे," दाजी म्हणाले. "हप्ता निदान आपल्या घरात तरी जातो." मी वही उघडली. तोच हिशेब इथे मांडतो.

समजा फ्लॅट ५० लाखांचा आहे. एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. म्हणजे १० लाख आपले. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख (घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का कमी). नोंदणी फी ३० हजार. झाले १३ लाख ८० हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलं तर ५ टक्के जीएसटी वेगळा, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं नि कर्जाचं व्याज दोन्ही चालू.

आता हप्ता. ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, की महिन्याला सुमारे ३४,७०० रुपये. पगाराच्या निम्म्याहून जास्त. पण गंमत पुढेच आहे. पहिल्या हप्त्यातले २८,३०० रुपये निव्वळ व्याज. मुद्दलात जातात जेमतेम ६,४००. पाच वर्षांत बँकेला २० लाख ८० हजार भरून झाल्यावरही कर्ज उरतं सव्वापस्तीस लाख. व्याज हेही भाडंच की, घराचं नव्हे तर पैशाचं! तेव्हा तुलना हप्ता आणि भाडं यांची करू नये. व्याज आणि भाडं यांची करावी. तसाच फ्लॅट १६ हजारांनी भाड्याने मिळत असेल, तर पाण्यात नक्की कुठले पैसे जास्त गेले?

"आणि इन्कम टॅक्सची सूट?" दाजींनी विचारलं. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. २०२३-२४ पासून आपण वेगळं सांगितलं नाही तर नवीच पद्धत लागू होते. हे ऐकून दाजी जरा वेळ गप्प बसले.

दुसरी बाजूही आहे. भाडं दर वर्षी वाढतं, वीस वर्षांनी हातात काही राहत नाही. एकट्या मुलीला घर द्यायला काही सोसायट्या नाकं मुरडतात, हेही खरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाचलेले १८ हजार खरोखर बाजूला पडले पाहिजेत. हप्ता सक्तीने बचत करायला लावतो. भाड्याने राहणाऱ्याला ती सक्ती स्वतःवर करावी लागते. ती जमत नसेल तर माझा सगळा हिशेब फुकट.

तरीही पहिल्या तीन-चार वर्षांत मी भाड्याच्याच बाजूने बोलेन. या काळात नोकरी बदलते, गाव बदलतं, लग्न होतं. बाणेर सोडून बंगळूरला जायची संधी आली तर भाडेकरू महिन्याची नोटीस देऊन निघतो. घरमालकाला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि भरलेलं मुद्रांक शुल्क काही परत येत नाही. त्यातही वडिलांचा फंड त्यात अडकलेला असेल तर मुलीने नोकरी सोडायची म्हटलं की अख्ख्या घराचा श्वास कोंडतो. एकाच गावात दहा-बारा वर्षं राहायचं पक्कं असेल, पुढेमागे आई-वडीलही तिथेच यायचे असतील, आणि सुरुवातीची रक्कम स्वतःच्या बचतीतली असेल, तर खुशाल घ्यावं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी तेवढी आधी पाहावी.

भाचीने दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने घर घेतलं. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, हे मी तिला सांगितलं. लॉक-इन किती महिन्यांचा आणि घर सोडताना रंगाचे पैसे अनामत रकमेतून कापणार का, हे सही करण्याआधी तिने स्वतःच विचारून घेतलं.