चीनमध्ये चिनी शिकताना

चीनमध्ये राहून चिनी भाषा व संस्कृती ह्या विषयाची पदवी घ्यावयाची म्हणजे काय करावे लागते, असे अलीकडे तरुण मंडळी विचारतात आणि त्यांच्याहून अधिक काळजीने त्यांचे वडील विचारतात. चिनी अक्षरे एकंदर किती, हा बहुधा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आमच्या मते पहिला प्रश्न निराळा आहे. तो हा, की आपण तेथे कोणत्या वर्गात बसणार?

नव्या चीनमध्ये परकीयांना चिनी शिकविण्याचा पहिला वर्ग १९५० साली पेइचिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात सुरू झाला. पूर्व युरोपातून आलेले ३३ विद्यार्थी त्यात होते. पुढे १९६२ मध्ये ह्याच कामासाठी स्वतंत्र संस्था निघाली. तीच आजचे पेइचिंग भाषा व संस्कृती विद्यापीठ. ह्या परंपरेतून परकीयांसाठी चार वर्षांची वेगळी पदवी तयार झाली. तीत भाषाच प्रधान. इतिहास, साहित्य, चालीरीती ह्या तिच्या आधाराने येतात. चिनी मुलांसाठी असलेली भाषा-साहित्याची पदवी वेगळी. तिच्यात प्रवेश मिळालाच तर शेजारी बसलेला मुलगा शाळेपासून प्राचीन कविता पाठ केलेला असतो. पहिल्या वाटेने गेल्यास सगळे सोबती परकीयच, वसतिगृहही बहुधा वेगळे. म्हणजे चीनमध्ये राहूनही चिनी कानावर पडावे म्हणून बाजारात जावे लागते! दुसऱ्या वाटेने गेल्यास बुडण्याचे भय. ही निवड घरून निघण्यापूर्वी समजून घ्यावी, कारण माहितीपत्रकात दोन्ही नावे जवळजवळ सारखीच दिसतात.

आता भाषेकडे वळू. मराठी माणसाला येथे एक लाभ आहे, आणि त्याचे त्यालाच भान नसते. चिनीमध्ये प आणि फ, त आणि थ, च आणि छ हे भेद आपल्यासारखेच महाप्राणाने होतात. गुरांच्या 'चाऱ्या'तला च आणि 'चार' ह्या संख्येतला च, हे दोन्ही च तेथे वेगळे मानले जातात. आपल्या जिभेला ते जन्मापासून ठाऊक आहेत. घोटाळा होतो तो रोमन लिपीमुळे. १९५८ पासूनच्या रोमन लेखनात 'ब' आणि 'द' यांची अक्षरे दिसतात, पण उच्चार प आणि त यांच्या जवळचा असतो. म्हणून विद्यार्थ्याने पहिले काही महिने वहीत उच्चार देवनागरीत लिहावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

सूर मात्र कोणालाच फुकट मिळत नाहीत. 'माइ' हा शब्द खाली नेऊन उचलला तर 'विकत घेणे', वरून झटकन खाली आणला तर 'विकणे'. दुकानात उभे राहून ह्या दोहोंची गल्लत केली म्हणजे व्यवहार उलटा होतो. अक्षरांचे भय त्या मानाने कमी. नित्याच्या वापरातली सुमारे ३५०० धरली तरी ती चार वर्षांत विभागली जातात, आणि बहुतेकांत एक भाग अर्थाकडे व एक उच्चाराकडे बोट दाखवितो.

खरा घाट लागतो तो प्राचीन भाषेपाशी, जी परकीयाला बहुधा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास भेटते. अक्षर ओळखीचे, अर्थ भलताच! आज जे अक्षर 'चालणे' सांगते, ते तेथे 'धावणे' सांगते. आज 'जाणे', तेथे 'सोडून जाणे'. आजचे 'सूप' म्हणजे तेथे 'गरम पाणी'. पुष्कळ जण येथे थकून व्यापारी चिनीचा अभ्यासक्रम घेतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. नोकरी त्यानेही मिळते. पण संस्कृतीची पदवी म्हणून जे घ्यावयास गेलो, ते ह्या घाटापलीकडे आहे.

तो ओलांडल्याने काय हाती येते याचे उदाहरण पुण्यातलेच आहे. 'विमुत्तिमग्ग' ह्या बौद्ध ग्रंथाचे पाली मूळ हाती लागलेले नाही. संपूर्ण ग्रंथ टिकला तो सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात. पु. वि. बापट यांनी ते भाषांतर वाचून त्याची बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'शी तुलना केली. तो ग्रंथ १९३७ साली पुण्यात निघाला. पाली त्यांच्यापाशी आधीच होती, म्हणून चिनीचे चीज झाले. तेव्हा जाणाऱ्याने संस्कृत, पाली, इतिहास, निदान हिशेब, असे काहीतरी इथून बरोबर न्यावे.

खर्चाची शिष्यवृत्ती मिळू शकते. परंतु २०२० च्या मार्चमध्ये चीनने परकीयांना दारे बंद केली आणि विद्यार्थ्यांचे परवाने पुन्हा सुरू व्हावयास २०२२ चा ऑगस्ट उजाडला, हेही आईबापांनी लक्षात ठेवावे. मध्यंतरी घरी अडकलेली मुले दूरच्या पडद्यावरून सूर घोकीत बसली. ज्यांच्या गावात चिनी बोलणारे कोणीच नव्हते, त्यांची जीभ सर्वांत आधी बोथटली. अक्षरे मात्र हाताने लिहीत राहिलेल्यांची टिकली.