कार्ड भरतीचे, आजार रोजचे

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे आयुष्मान कार्ड रुग्ण भरती झाला तरच चालते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत सुरू झालेली ही योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत देते. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोग निघाला, तर गरीब घराला तिचा आधार मोठाच. भरतीआधीच्या ३ आणि सुटीनंतरच्या १५ दिवसांची औषधेही तिच्यात येतात. नुसता ताप, जुलाब किंवा रक्तदाबाची रोजची गोळी मात्र येत नाही.

खंडवा–भुसावळ रेल्वेमार्गावरच्या, नेपानगरजवळच्या चांदनीसारख्या गावात ही उणीव लगेच जाणवते. शेतमजुराला रक्तदाब निघाला, की खाजगी डॉक्टरची फी, गोळ्या आणि बुडालेली मजुरी असा तिहेरी खर्च खिशातूनच करावा लागतो. बरे वाटले की गोळ्या बंद होतात. पुढे कधी पक्षाघाताने अंग लुळे पडले, की मग पेटीतले कार्ड बाहेर निघते. गोळीला पैसा न देणारी योजना त्या वेळी हजारोंचे बिल भरते. हिशेब उलटाच म्हणायचा.

रोजच्या उपचारांची जबाबदारी सरकारी केंद्रांवर आहे आणि तिथे कार्ड लागतच नाही. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे, डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० मागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तोच ३०,००० आणि २०,००० असा. बरीच उपकेंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली आहेत. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तिथे तपासतात, नेहमीच्या गोळ्या मिळतात, ई-संजीवनीवरून लांबच्या डॉक्टरशी बोलता येते. अर्थात कर्मचाऱ्याची जागा भरलेली आणि कपाटात औषध असले तरच.

कार्ड राज्याबाहेरही चालते. चांदनी ज्या मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात येते, तिथला रुग्ण महाराष्ट्रात जळगावच्या योजनेतील रुग्णालयात भरती होऊ शकतो. बाह्यरुग्ण विभागात मात्र तिथेही या कार्डावर खर्च मिळत नाही.

विम्यात रोजचे उपचार बसतच नाहीत, असेही नाही. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला दवाखान्यातली तपासणी आणि औषधे मिळतात. पण त्यासाठी नोंदणी झालेल्या कारखान्यात किंवा आस्थापनेत नोकरी हवी. शेतमजुराकडे ती नसते.