शाहिराच्या मागे : पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातला टुणटुणेवाला

खडी गंमतीत कलावंतांपैकी रात्रभर कोणी बसत नाही. शाहीर हातात डफ घेऊन पुढे, झीलकरी त्याच्या मागे, ढोलकीवाला कडेला, नाच्या आणि सोंगाड्या मधल्या मोकळ्या जागेत, आणि या सगळ्यांभोवती गोल करून बसलेले गाव. मंच नाही, पडदा नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत रुजलेला हा तमाशाचा वैदर्भी प्रकार राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशातल्या सौंसर आणि पांढुर्णा तालुक्यांतही जातो. शाहिराच्या मागे जो एकतारी वाद्य छेडत झील धरतो तो टुणटुणेवाला. या कलेवर लिहिताना शाहीर, नाच्या आणि ढोलकी यांच्यावर पुष्कळ लिहिले जाते. टुणटुणेवाला एका ओळीत आटोपला जातो. त्याचा वाटा त्याहून बराच मोठा आहे.

टुणटुणे म्हणजे लाकडाचे पोकळ नळकांडे. त्याच्या तळाला कातडे ताणून बसवतात. बाजूला बांबूची दांडी ठोकलेली असते आणि दांडीच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार नळकांड्यातून वर येऊन त्या खुंटीला गुंडाळली जाते. पडदे नाहीत, दुसरी तार नाही. बोटाने किंवा लहानशा चिपेने तार छेडली की कातडे थरथरते आणि पोकळीतून स्वर घुमत बाहेर पडतो. हेच वाद्य गोंधळ्याच्या संबळाबरोबर असते, तमाशाच्या फडातही असते. त्याचाच भाऊ चोणके: दांडी नसलेले, काखेत धरायचे, तारेचे दुसरे टोक डाव्या मुठीत. मूठ ताणली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. टुणटुण्याला ती सोय नाही. ते आपल्या एका स्वरावर ठाम राहते आणि त्यातच त्याचे काम आहे.

काम दुहेरी असते. एक, शाहिराला षड्ज देत राहणे. उघड्या मैदानात, वरच्या पट्टीत, तास न् तास गाताना गळा थकतो आणि सूर नकळत खाली सरकतो. कानाजवळ वाजणारी तार त्याला जागेवर ठेवते. दुसरे, लय विणणे. ढोलकी बोल बदलते, तिहाई घेते, नाच्याच्या पायांशी खेळते. त्या वेळी मात्रा मोजत राहणारी एकसारखी टुणटुण मागे चालूच असते. शाहिराने ओळ सोडली की तीच ओळ उचलून उंच स्वरात लांबवणे, म्हणजे झील देणे, हेही बहुतेक वेळा याच माणसाकडे येते. हात लयीत, कान ढोलकीकडे, गळा शाहिराच्या शेवटच्या अक्षरावर. तीन कामे एकाच वेळी करणारा माणूस मागच्या रांगेत असतो, म्हणून ती दिसत नाहीत.

तंतुवाद्याने एकाच वेळी सूर आणि ठेका सांभाळण्याची रीत जगात इतरत्रही आहे. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बिल मन्रो (१९११–१९९६) यांनी ब्लूग्रास संगीत घडवले. त्या मेळात ढोल नसतो. तिथे मॅन्डोलिनवाला जोर नसलेल्या मात्रेवर तारा दाबून तोडल्यासारखा आघात देतो आणि सगळा ताफा त्यावर चालतो. मॅन्डोलिनला आठ तारा, चार जोड्यांत, व्हायोलिनसारख्या लावलेल्या, टुणटुण्याला एक. तरी दोघांचे फडातले स्थान जवळचे आहे. मॅन्डोलिन आपल्याकडेही परके राहिले नाही. मध्य प्रदेशातल्या सीतामऊत १९१७ साली जन्मलेले संगीतकार सज्जाद हुसैन हे त्याचे असामान्य वादक होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर यांची वाटचाल लहान वयात मॅन्डोलिन वाजवण्यापासूनच सुरू झाली. पण ही मुंबईच्या स्टुडिओतली वाट. खेड्यातल्या मेळांत मॅन्डोलिनसारखा पोलादी तारांचा खणखणीत आवाज आला तो बेंजोमुळे, म्हणजे बुलबुल तरंगामुळे. बटणे दाबून वाजवायच्या या वाद्याचे मूळ जपानच्या ताइशोगोतोत आहे. ताइशोगोतो १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झाले. बेंजोवर चाल वाजवता येते, टुणटुण्यावर नाही. तरी बेंजो असलेल्या मेळातही आधारस्वराची गरज उरतेच.

गंमतीची रात्र गणाने सुरू होते. मग गौळण, लावण्या, सवाल-जवाब आणि पहाटेकडे सरकणारी कथा. समोर दुसरा फड असेल तर त्या गंमतीला दुय्यम म्हणतात आणि रंग वेगळाच चढतो. एक शाहीर कलगीचा, दुसरा तुऱ्याचा. तुरा शिवाचा पक्ष घेतो, कलगी शक्तीचा, आणि एकाने टाकलेले कोडे दुसऱ्याने गाऊनच सोडवायचे असते. उत्तर सुचेपर्यंतचा वेळ भरून काढायचा तो ढोलकी आणि तारेने. अनुभवी झीलकरी अशा वेळी जुने धृपद पुन्हा उचलतो, एक फेरा जास्त फिरवतो आणि शाहिराला श्वास घ्यायला जागा करून देतो. समोरच्यांना वाटते, गाणे रंगले.

थंडीच्या दिवसांत मध्यरात्रीनंतर दव पडते आणि कातडे ओल धरते. डफ शेकोटीवर धरून तापवता येतो. टुणटुण्याचे कातडे सैलावले की तार उतरते आणि गाणे चालू असतानाच खुंटी पिळावी लागते. जास्त पिळली तर तार तुटते. म्हणून जादा तार जवळ बाळगणे हा या पेशातला पहिला धडा असतो.

या वादकाचे वर्ष शेतीने आखलेले असते. पांढुर्णा-सौंसरची काळी जमीन कापसाची आणि संत्र्यांची. पेरणी-डवरणीच्या दिवसांत कार्यक्रम नसतात आणि वादकही शेतावर असतो, आपल्या किंवा दुसऱ्याच्या. श्रावण अमावास्येला पोळा येतो, बैलांसमोर झडत्या म्हटल्या जातात. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. बाहेरच्या जगाला हे गाव त्या दगडफेकीमुळेच माहीत आहे. इथल्या गाण्याची बातमी कोणी करत नाही, ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे. गणपती, नवरात्र, कोजागिरी अशी कामे वाढत जातात. दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि अंबिया बहाराची संत्री यांमुळे गावात पैसा खेळू लागतो आणि वर्गणी निघते. पुढे महाशिवरात्र, रामनवमी, जामसावळीच्या मारुतीकडे लोटणारी हनुमान जयंतीची गर्दी. एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या कार्यक्रमांना गायक-वादक लागतातच. एकच माणूस एका आठवड्यात गण, अभंग आणि भीमगीत यांना साथ करतो.

व्यवहार इसारावर चालतो. गावचे मंडळ शाहिराला इसार देऊन तारीख पक्की करते, उरलेली रक्कम कार्यक्रम संपल्यावर. प्रवासखर्च वजा जाता वाटे पडतात. सहसा शाहिराचा वाटा मोठा, मग ढोलकीवाला आणि नाच्या, आणि तारेवाल्याला त्यांच्याहून कमी. गाणे थांबवून माइकवर नाव पुकारत दिलेले बक्षीस ही वरची कमाई. तेही बहुधा पुढच्या माणसाच्या हातात पडते. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून हा वादक शेतमजूर, गवंडी, दुकानदार किंवा कारखान्यातला कामगार असतो आणि रात्रीच्या जागरणानंतर सकाळी कामावर जातो.

गंमतीइतकेच, किंबहुना तिच्याहून नेमाने, काम मिळते ते भजनातून. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजेरी हाती घेऊन गावोगाव जे भजन उभे केले, त्याने विदर्भातल्या गावसंगीताचे रूप बदलले. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, १९५५ मध्ये ‘ग्रामगीता’ आली, आणि गुरुदेव सेवा मंडळांमुळे सामुदायिक प्रार्थना गावाच्या दिनक्रमात गेली. खंजेरी भजनाच्या स्पर्धा रात्रभर रंगतात, महिलांची मंडळेही तयारीने उतरतात. गंमतीच्या मैदानात स्त्रीचे सोंग पुरुष घ्यायचा. भजनाच्या बिछायतीवर बायका स्वतः खंजेरी वाजवतात. या पट्ट्यातल्या संगीतात झालेला हा मोठा बदल आहे.

सीमेचा प्रश्न १९५६ पासूनचा. त्याआधी नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्याच्या राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्णाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. शाळा, कचेरी, अर्ज हिंदीत. घर, भजन आणि शिव्या मराठीत. इथल्या फडाचा श्रोता सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, सरकारी मदत मात्र रहिवासाच्या दाखल्यावर अडते. महाराष्ट्रातल्या वृद्ध कलावंतांना मिळणारे मानधन २०२४ मध्ये महिना ५००० रुपये झाले. तीच गाणी गाणारा सौंसरचा झीलकरी त्यात बसत नाही. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कक्षेत महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशही येतो. सीमाभागातल्या कलावंतांची नोंद, तीही वादकांसह, घ्यायला याहून सोयीची जागा नाही, आणि ती घेतली जायला हवी.

ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि डीजे यांनी बरेच कार्यक्रम ओढून नेले आहेत. कीबोर्डवर षड्जाची कळ दाबून ठेवली की आधारस्वर मिळतो, खुंटी पिळावी लागत नाही. झील मात्र कळ दाबून मिळत नाही. ती शिकायची तर शाहिराच्या मागे उभे राहून शेकडो कवने ऐकावी लागतात, कुठल्या अक्षरावर ओळ उचलायची हे कानात बसावे लागते. शाहिरीची शाळा हीच. नवशिका आधी टाळ धरतो, मग टुणटुणे, मग झील देऊ लागतो, आणि बरीच वर्षे मागे काढल्यावर एखाद्या रात्री शाहिराचा घसा बसला की डफ त्याच्या हाती येतो.